सर म्हणतील तसं

आमच्या सरांना डावं-उजवं चालत नसे. भूगोलाचा माणूस, त्यात खिशात कायम एक छोटं होकायंत्र. वर्गात कोणी उशिरा आलं की म्हणायचे, "फळ्याच्या आग्नेयेला एक बाक रिकामा आहे, तिथे बसा." पहिल्या वर्षाची पोरं गोंधळून दारातच उभी राहायची. कॅन्टीनच्या पोऱ्यानं चहा कुठे ठेवू विचारलं तर "पश्चिमेला ठेव" असं उत्तर मिळायचं. तो बिचारा बाहेर जाऊन सूर्य बघून यायचा आणि मग कप ठेवायचा. निदान कॉलेजात तरी पोरं तसं सांगत.

हे कॉलेज श्रीरामपूर तालुक्यातलं. तिन्ही बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. ती चौथी बाजू म्हणजे दक्षिण, हे सरांमुळे आम्हा सगळ्यांना झोपेतही सांगता येतं. मी तिथे शिकले. आता नगरला केडगावात राहते आणि एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सरही निवृत्त होऊन केडगावातच आलेत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या सोसायटीत पाण्याची टाकी कधी धुवायची यावर सध्या तिसरी बैठक चालू आहे, असं त्यांच्या वॉचमननं मला परवा हताशपणे सांगितलं. सरांना ओळखणाऱ्या माणसाला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

आमच्या कॉलेजला चौथ्या वर्षाचं ऑनर्स सुरू झालं तेव्हाची गोष्ट. ऑनर्स म्हणजे पदवीच्या पुढे एक वर्ष, आपला एक विषय घेऊन खोलात जायचं, स्वतः हिंडून माहिती गोळा करायची आणि प्रबंध लिहायचा. विद्यापीठाच्या पत्रकात एक ओळ होती की या अभ्यासक्रमाच्या कारभारात विद्यार्थ्यांचाही सहभाग असावा. बाकीच्या कॉलेजांनी या ओळीचा अर्थ बरोबर लावला. एका हुशार मुलाला बैठकीत बसवायचं, फोटो काढायचा, वडापाव द्यायचा. आमच्या सरांनी ती ओळ आहे तशी वाचली. पाच विद्यार्थी आणि चार प्राध्यापक असं 'ऑनर्स मंडळ' त्यांनी स्थापन केलं. प्रवेश कोणाला द्यायचा, कोणते पेपर ठेवायचे, कोणाला कोण मार्गदर्शक, नियम काय, सगळं मंडळानं ठरवायचं. प्रत्येकाला एक मत. विद्यार्थी जास्त का, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "कारण विद्यार्थी घाबरतात. एखाद्यानं ऐन वेळी हात खाली घेतला तरी बरोबरी राहायला हवी."

ऑनर्सच्या दुसऱ्या तुकडीत मी त्या पाचांतली एक. मतदान होऊन निवडून आले होते, आणि माझ्या विरोधात कोणी उभं नव्हतं हे सर वर्षभर मला ऐकवत राहिले. "आपण बिनविरोध आहात," ते म्हणायचे, "म्हणजे आपल्याला अजून कोणी पारखलेलं नाही."

मंडळाच्या खोलीचा उंबरा हा सरांच्या लेखी सरहद्द होता. उंबऱ्याच्या आत आम्ही 'सन्माननीय सभासद'. बाहेर पडलो की 'ए बाई' आणि 'काय रे टोणग्या'. एकदा मी व्हरांड्यात फोनवर बोलत होते म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं. "लाज वाटत नाही? तास चालू आहे शेजारी!" मी मान खाली घालून खोलीत शिरले. मागून तेही आले, खुर्चीत बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "आत्ता व्हरांड्यात अध्यक्षांनी एका सभासदाशी जी भाषा वापरली, त्यावर सभासदांना काही बोलायचं आहे का?" मी म्हटलं नाही सर. ते नाराज झाले.

त्यांचा खरा राग होता तो 'सर म्हणतील तसं' या वाक्यावर. बैठकीत कोणाला मत विचारलं की आमच्या तोंडून सवयीनं तेच यायचं. घरी वडील म्हणतील तसं, शाळेत बाई म्हणतील तसं, मग इथे सर म्हणतील तसं. सर टेबलावर बोट आपटायचे. "हे मत नाही. हा आजार आहे. पुढचे!" मग पुढचाही तेच म्हणायचा.

या आजारावर त्यांनी औषध काढलं. एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं की त्यांना संशय यायचा. ते मतदान थांबवायचे आणि एकाला विरोधक म्हणून नेमायचे. नेमलेल्यानं विरोधात बोललंच पाहिजे. हे काम बहुतेक वेळा सोपानच्या गळ्यात पडायचं. सोपान बेलापूरकडचा, अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं गरीब गाय. त्यानं जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

"सोपानराव, आपण विरोध करा."

"सर, पन मला तर पटलंय वो. कसा विरोध करू?"

"पटलंय म्हणूनच तुम्ही करा. ज्याला पटलेलं नाही तो रागानं बोलतो. ज्याला पटलंय तो नीट बोलतो."

सोपान घाम पुसत उभा राहायचा. एकदा ऑनर्सची अभ्यासिका संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवायची, एवढा साधा विषय होता. सोपाननं विरोधात बोलायला सुरुवात केली ती खिडक्यांपासून. मग डास, मग दिव्याचं बिल, मग गावाकडच्या मुलींची शेवटची एसटी साडेपाचला असते आणि सहाची सोय फक्त श्रीरामपुरात राहणाऱ्यांच्याच उपयोगाची आहे, इथपर्यंत तो पोहोचला. आणि मधेच थांबला. "आयला," तो म्हणाला, "हे तर खरंच हाय की." त्याच बैठकीत ठराव बदलला. अभ्यासिका सकाळी लवकर उघडायची ठरली. सोपान पुढचे आठ दिवस आमदार असल्यासारखा चालत होता.

सरांच्या घरी मी दोन-चारदा गेले असेन. काकू शांत बाई. भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "आमच्या घरी पण मतदान असतं हो. दोन मतं. एक माझं." मी विचारलं, आणि दुसरं? "ते आम्ही धरत नाही," काकू म्हणाल्या. सर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न घेता सांगितलं, "नोंद घ्या, मी या विधानाच्या विरोधात आहे."

आता हे सगळं सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र वैताग यायचा. बाकीच्या विभागांत एक सही झाली की काम झालं. आमच्याकडे एका पेपराचं नाव बदलायला दोन बैठका. विद्यापीठाकडून पाहणीसाठी माणसं येणार होती आणि प्राचार्यांना घाई झाली होती. ते वाईट नव्हते, पण त्यांना सगळं वेळेत आणि गुळगुळीत लागायचं. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की पुरे झालं आता हे मंडळ, तुम्ही स्वतःच ऑनर्सचे संयोजक व्हा. सगळे अधिकार तुमचे. तुम्हाला कोणाला विचारायला नको.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. सर चेहरा पाडून बैठकीला आले.

"सन्माननीय सभासदहो," ते म्हणाले, "आपलं मंडळ गुंडाळून सगळे अधिकार एका माणसाच्या हातात द्यावेत, असा प्रस्ताव आला आहे. तो माणूस मी. त्यामुळे मी यावर बोलणार नाही. चर्चा करा."

चर्चा काय करायची! आम्हाला तर सुटल्यासारखंच वाटलं. अर्थशास्त्राच्या मॅडम बैठकीतही पेपर तपासायच्या. त्या पहिल्यांदाच मान वर करून म्हणाल्या, "उत्तम. सरांइतका सरळ माणूस दुसरा कोण आहे?" एक मुलगा म्हणाला, सर ठरवतील ते बरोबरच असणार. मीही म्हणाले. सरांवर आमचा विश्वास होता आणि तो दाखवायची अशी संधी पुन्हा कधी मिळणार होती?

सर अस्वस्थ झाले. "सोपानराव, आपण विरोध करा."

सोपान उभा राहिला. "सर, आज न्हाई व्हायचं माझ्याच्यानं," तो म्हणाला. "दुसऱ्या कशालाबी करतो. तुमच्या विरोधात कसा बोलू?"

"माझ्या विरोधात नाही. प्रस्तावाच्या."

"एकच हाय ते."

मतदान झालं. आठ हात वर गेले. सरांनी नेहमीप्रमाणे उठून प्रत्येकाच्या खुर्चीच्या पाठीला हात लावत मतं मोजली, जणू खुर्चीत खरंच माणूस आहे की नाही याची खात्री करत होते. "विरोधात?" त्यांनी विचारलं. कोणीच हात वर केला नाही. मग त्यांनी स्वतःचा केला. एकटाच हात. थोडा वेळ तो तसाच वर ठेवून ते आमच्याकडे बघत राहिले.

"ठराव मंजूर," ते म्हणाले. कोणाच्या तरी दहाव्याला सांगावं तसं.

मग सुरू झालं सरांचं राज्य. आम्हाला वाटलं होतं, कामं झटपट होतील. झालं उलटंच. सरांना एकट्यानं ठरवताच येईना. ते रिकाम्या खोलीत जाऊन बसायचे. बाहेरून जाणाऱ्याला आतून त्यांचाच आवाज ऐकू यायचा, एकदा बाजूनं, एकदा विरोधात. सत्राचं वेळापत्रक लागायला इतका उशीर झाला की मॅडमनी स्वतःच एक वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. सरांनी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'विरोध असल्यास भेटावे.' कोणीही भेटलं नाही. काकू म्हणाल्या, "मेथी निवडताना मला विचारतात, संशोधन पद्धतीच्या पेपराला किती गुण ठेवू? मी म्हणाले, ठेवा वीस. म्हणतात, का? आता मेथीच्या जुडीपुढे मी काय कारण सांगू?"

इथवर गंमत होती. पुढे वैशालीचं झालं.

वैशाली माझ्या वर्गातली. ती मंडळात नव्हती, पण ऑनर्सला आमच्यात खरी हुशार तीच. बेलापूरच्या पुढे, प्रवरेच्या अंगाला त्यांची वस्ती. तिचा प्रबंध नदीकाठच्या विहिरींवर होता. कुठल्या विहिरीचं पाणी कधी मचूळ झालं, हे ती घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना विचारून टिपून आणायची. स्वभावानं मात्र मानी. आपली अडचण कधी कोणाला सांगायची नाही. दिवाळीनंतर ती यायची कमी झाली. आली तरी मागे बसून निघून जायची. मग अजिबातच येईना. फोन केला तर उचलायची नाही.

आणि ऑनर्सला एक नियम होता. आठवड्याच्या चर्चासत्राला लागोपाठ महिनाभर गैरहजर राहील त्याचं ऑनर्स रद्द. हा नियम सरांनीच मांडला होता आणि मंडळानं पहिल्या वर्षीच मंजूर केला होता. त्या वर्षी एका मुलाचं नाव त्यावरून गेलंही होतं.

एका सकाळी नोटीस लागली. 'संयोजकांनी ठरवले आहे की...' आणि खाली वैशालीचं नाव.

आम्ही नोटिशीपुढे उभे होतो. सोपान दोनदा वाचून म्हणाला, "ह्ये बरुबर न्हाई झालं." मी त्याच्याकडे बघितलं, कारण सोपाननं न नेमता केलेला हा पहिला विरोध होता. तो मला घेऊन तडक सरांच्या खोलीत शिरला.

"सर, वैशालीला काढलं तुमी?"

"नियमानं काढलं. मला वाईट वाटलं. पण गेल्या वर्षी त्या मुलाला काढलं, तेव्हा वाईट वाटूनही काढलंच ना?"

"तिच्या आईचा पाय मोडलाय सर. मांडीचं हाड. गोठ्यात घसरली माउली, दिवाळीच्या टायमाला. घरात दुसरं बाईमानूस न्हाई. धारा, सैपाक, आईचं सगळं अंथरुणात, हीच करती. सकाळी निघायचं म्हनलं तरी कवा निघंल?"

सरांनी चष्मा काढला. "मला कोणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं न्हाई," सोपान म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला म्हाईत हुतं. आमच्या चुलत्याची डेअरी हाय, त्यांचं दूध आमच्याकडंच येतं. मंडळ असतं तर तिथं मी बोललो असतो की."

बाहेर घंटा झाली, पोरांचा लोंढा गेला. सर खुर्चीवर बसून समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. मला वाटलं, आता ते उठतील, नोटीस फाडतील आणि विषय संपेल. मी तसं म्हटलंही. "सर, अधिकार तुमचाच आहे. आत्ता रद्द करा ना."

"करू शकतो," ते म्हणाले. "पण एकट्यानं केलेली चूक एकट्यानंच दुरुस्त केली तर मला तीच सवय लागेल. आणि तुम्हालाही."

त्याच दिवशी ते प्राचार्यांकडे गेले आणि संयोजकपद परत केलं. प्राचार्यांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू आला. "अहो, लोक अधिकारासाठी भांडतात, आणि तुम्ही दिलेला परत करता? आता मी पाहणीवाल्यांना काय सांगू?" सर म्हणाले, "सांगा, माणूस नालायक निघाला." प्राचार्यांनी दोन दिवस दुसरा संयोजक शोधला. ज्याला विचारलं त्याला अचानक पाठदुखी तरी सुरू झाली नाहीतर मुलीची बारावी तरी आठवली. शेवटी ते म्हणाले, करा काय करायचं ते. मंडळ पुन्हा बसलं.

पहिलाच विषय वैशालीचा. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. आम्हाला वाटलं, पाच मिनिटांचं काम. सोपान बोलला, मी बोलले, मॅडमनीही पेपर बाजूला ठेवून तिला घ्यावं असं सांगितलं. मग सर उठले.

"मी या ठरावाच्या विरोधात आहे," ते म्हणाले.

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"मुलीवर अन्याय झाला आहे हे मला मान्य आहे," सर म्हणाले. "पण नियम आहे तसाच ठेवून तिला आत घेतलं तर गेल्या वर्षीच्या त्या मुलानं काय घोडं मारलं होतं? आधी नियम बदला. त्यासाठी पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, ती द्या. मग पुढच्या बैठकीत बदल मंजूर करा. मग मुलीला घ्या. उलटं करू नका."

"पंधरा दिवसांनी फॉर्मची तारीख गेलेली असेल सर!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला ठाऊक आहे. म्हणून तर मला झोप लागत नाही. पण मत विचाराल तर माझं मत हे आहे."

त्या दिवशी तास-दीड तास आम्ही सरांशी भांडलो. कोणी नेमलेलं नव्हतं. सोपाननं टेबलावर हात आपटला. मी नियमाचं कलम काढून त्यात 'सबळ कारणाशिवाय' हे शब्द नाहीत, पण ते असायला हवे होते हे मंडळानं विसरू नये, असं काहीतरी वकिली बोलले. सर प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत होते, आणि उत्तरं चांगली होती हेच वाईट होतं. दोघांना त्यांचं पटलंही. शेवटी मतदान झालं. तिला घ्यावं म्हणून सहा, विरोधात तीन. तिनातले एक सर.

"ठराव मंजूर," ते म्हणाले. चेहरा हरलेल्या माणसाचा होता आणि आवाज जावई पसंत पडल्यासारखा.

आता वैशालीला कळवायचं कसं? ती कोणाचाच फोन उचलत नव्हती. सोपान म्हणाला, मी जातो. सर म्हणाले, "नाही. मंडळाचा निर्णय अध्यक्षांनी कळवायचा असतो." आणि माझ्याकडे वळून, "सभासद म्हणून आपण सोबत या." खोलीबाहेर आल्यावर, "चल गं लवकर, एसटी चुकेल."

बेलापूरला उतरलो आणि पुढे उसातल्या वाटेनं चालत निघालो. वस्तीवर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. गोठ्यापुढे वैशालीचे वडील कडबा कापत होते. शेजारी त्यांचं छोटं पिकअप उभं होतं, मागे दुधाचे रिकामे कॅन. मी ओळख करून दिली तसं त्यांनी कोयता ठेवला.

"या मास्तर, बसा," त्यांनी बाज पुढे ओढली. पण चेहरा कोरा होता. "पोरीला काढलं म्हनं तुमी. मंग आता काय राह्यलंय?"

वैशाली दारात आली. हाताला पीठ. मला बघून हसली, सरांना बघून हसू गेलं. आतून तिच्या आईनं विचारलं, "कोन हाय गं?" ती म्हणाली, "कॉलेजातले हायेत."

सर उभेच राहिले. "मंडळानं तुम्हाला परत घेतलं आहे," ते म्हणाले. "फॉर्मची तारीख जवळ आली आहे. आजच आलात तर बरं."

"मला नको," वैशाली म्हणाली.

"का?"

"आईचा पाय मोडला हे कळल्यावर तुम्हाला दया आली असेल. मला कोणाच्या दयेवर शिकायचं नाही. नियमानं गेले, गेले."

वडील म्हणाले, "वैशे, मास्तर घरी आल्यात. नीट बोल."

"नाही, नाही, बोलू द्या," सर घाईघाईनं म्हणाले. "दया वगैरे काही नाही. मी तर विरोधात होतो."

वडिलांनी सरांकडे नीट निरखून बघितलं. "तुमी इरोधात हुता?"

"हो."

"मंग कशापायी आलात एवढं ऊन खात?"

"निर्णय कळवायला. मी हरलो. सहा विरुद्ध तीन."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं पिठाचे हात एकमेकांवर झटकले आणि येऊन ओट्याच्या कडेला बसली. "तुम्ही विरोधात का होता?" तिनं विचारलं. रागानं नाही, चर्चासत्रात विचारायची तसं.

सर बाजेवर बसले आणि तिला सगळं समजावून सांगायला लागले. आधी नियम, मग माणूस. गेल्या वर्षीचा मुलगा. पंधरा दिवसांची सूचना. वडील मधेमधे "बरुबर हाय" म्हणत होते. मला तर भीती वाटली, की हा माणूस तिला न येण्यासाठीच पटवून देतोय. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा मुद्दा बरोबर आहे सर," ती म्हणाली. "मी असते तर मीही विरोधात मत दिलं असतं कदाचित. पण नोटीस लावायच्या आधी मला एकदा विचारलं असतं तर?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता एखादं कलम येणार.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

पुढे काहीच जोडलं नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण पुढे-मागे काही न लावता त्यांनी सोडून दिलेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही.

आतून आईचा आवाज आला. "वैशे, जा गं तू. तुजी मावशी कवाची म्हनतीया येते म्हनून. तूच नको म्हनत हुतीस. तिला फोन कर आन् जा."

वैशाली ओट्यावरून उठली. "कपडे बदलून येते," म्हणाली. "भाकरी टाकलीय तव्यावर, बाबा, ती तेवढी उतरवा."

वडिलांनी भाकरी उतरवली. आम्हाला दोघांना ताकाचा पेला दिला. म्हणाले, एसटीची वाट बघत बसू नका, मलाही डेअरीला जायचंच आहे, कॉलेजापर्यंत सोडतो. वैशाली बॅग घेऊन आली. पिकअपमध्ये पुढे वडिलांशेजारी दोघींनाच जागा होती. मी विचार करत होते, आता सरांना पुढे बसवायचं आणि आपण दोघींनी मागे उभं राहायचं. एवढ्यात बघते तर सर मागच्या फळीला पाय लावून वर चढलेलेसुद्धा. कॅनच्या मधे उकिडवे बसले होते, दोन्ही हातांनी दोन कॅन धरून.

वडील ओशाळले. "मास्तर, तुमी पुढं बसा की. पोरी बसतील मागं."

"नाही," सर म्हणाले. "ठरलंय."

"कवा ठरलं?"

"आत्ता."

"आन् कोनी ठरवलं?"

"मी," सर म्हणाले. "चला, गाडी काढा."